पडणारा बर्फ आणि पडलेला बर्फ

खिडकीत उभं राहिलं की बर्फ पडतोय की नुसता पडून आहे, हे लहान मूलही सांगेल. उपग्रहाला मात्र हाच प्रश्न घाम फोडतो. साध्या छायाचित्रात त्याला ढगाचा माथा तेवढा दिसतो; खाली काय चाललंय याचा पत्ता नाही. म्हणून मायक्रोवेव्ह संवेदक लागतात.

जमीन स्वतःच सतत मायक्रोवेव्ह लहरी वर सोडत असते. वाटेत हिमकण आले की ते या लहरी विखुरतात आणि उपग्रहापर्यंत कमी लहरी पोचतात. लहरी कमी तितकी जागा थंड, असा उपग्रहाचा हिशेब; म्हणून पडता बर्फ 'थंड' डाग होऊन उमटतो. पण १० गिगाहर्ट्झची लहर जवळपास ३ सेंटीमीटर लांब, मिलिमीटरभराच्या कणांना ती दादच देत नाही. १६६ किंवा १८३ गिगाहर्ट्झची लहर २ मिलिमीटरांहूनही आखूड. ती बरोबर अडखळते. २०१४ साली सोडलेल्या, पाऊस आणि बर्फ मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहावर या दोन्हींच्या वाहिन्या मुद्दाम ठेवल्या आहेत.

खरी गोची पुढे आहे. जमिनीवर साचलेला बर्फही दाण्यादाण्यांचाच. तोही लहरी विखुरतो, तोही थंडच दिसतो. इथे बाष्प मदतीला येतं. १८३.३१ गिगाहर्ट्झला ते लहरी जोरात शोषतं, त्यामुळे जमिनीवर पडदा पडतो आणि पडद्याच्या वर असलेले हिमकण तेवढे दिसायला उरतात. या आकड्यापासून १ गिगाहर्ट्झ सरकलं तर पडदा उंचावर, ७ सरकलं तर बराच खाली. मात्र कडाक्याच्या थंडीत हवा कोरडी पडते, पडदा विरतो आणि जमीन पुन्हा मध्ये डोकावते.

त्याहून बिलंदर म्हणजे शून्याखालीही न गोठलेले ढगातले थेंब. ते स्वतःच लहरी सोडतात आणि हिमकणांनी केलेली तूट भरून काढतात. बर्फ पडत असतो, आकडे मात्र 'काही नाही' म्हणतात! जमीन आधीच बर्फाने झाकलेली असेल तर ढग उलट 'गरम'ही दिसू शकतो.

म्हणून नुसत्या लहरींवर विसंबत नाहीत. हवामानाच्या संगणकी प्रारूपातलं तापमान आणि आर्द्रता जोडीला घेतात. पडताळ्यासाठी २००६ साली सोडलेल्या क्लाउडसॅट उपग्रहाच्या ९४ गिगाहर्ट्झ रडारच्या नोंदी कामी आल्या. पण जमिनीवरून येणाऱ्या जोरदार प्रतिध्वनीमुळे त्या रडारलाही शेवटचा सुमारे किलोमीटरभराचा थर नीट दिसत नसे. आणि बर्फ खालपर्यंत पोचतो की वाटेतच हवेत विरतो, याचा निकाल नेमका तिथेच लागतो.