सब्जेक्टपुढचं ते कोलन आणि डॅश कुठून आलं?

साताऱ्यात कलेक्टर ऑफिसच्या बाजूला कुठल्याही टायपिंगवाल्याकडं इंग्रजी अर्ज करून घ्या, 'सब्जेक्ट' टाईप केलं की स्पेस, मग कोलन, मग डॅश, हे ठरलेलंच. आताच्या इंग्रजीत हे चालत नाही, मान्य, पण म्हणून टायपिंगवाल्याला अडाणी ठरवू नका, कारण ते डॅश साहेबाचंच आहे. जुन्या इंग्रजी छपाईत यादी नाहीतर उतारा सुरू करायचा असला की कोलनला डॅश जोडायचे, १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या शपथेआधी पण तसंच आहे. पुढं त्यांनी सोडून दिलं, आपल्या अर्जात ते अजून ठाण मांडून बसलंय.

मुळात कोलन हे चिन्ह यादीसाठी नव्हतंच. इ.स.पू. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात अ‍ॅरिस्टोफेनिस होता (त्याच नावाचा ग्रीक नाटकवाला नव्हे, हा बायझँटियमचा पंडित), त्यानं मोठ्यानं वाचताना कुठं किती थांबायचं हे कळावं म्हणून ओळीत वर, मधे, खाली टिंबं द्यायला सुरुवात केली, एकावर एक दोन टिंबांचं आजचं कोलन फार नंतरचं. थांबण्याचा हिशोब मात्र टिकला. १७६२ साली रॉबर्ट लाउथच्या इंग्रजी व्याकरणात तर सरळ गणितच मांडलंय, स्वल्पविरामाच्या दुप्पट सेमीकोलन, त्याच्या दुप्पट कोलन, त्याच्या दुप्पट फुलस्टॉप. मनातल्या मनात वाचणं वाढत गेलं तसा श्वासाचा हिशोब मागं पडून व्याकरणाचा पुढं आला. आजचा नियम तिथला: कोलनच्या आधी वाक्य पुरं झालेलं पाहिजे. म्हणून 'माय हॉबीज आर' लिहून कोलन टाकलं की सर लाल पेन काढतात, आणि 'आय हॅव थ्री हॉबीज' नंतर टाकलं तर काही बोलत नाहीत.

आता ती आधीची स्पेस, तिची गोष्ट वेगळी आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर. साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळातली मोडी कागदपत्रं बघा, सलग ओळी, विरामचिन्हं जवळपास नाहीतच. मराठीत ती रुजवली मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८५० च्या सुमारास. पण देवनागरीत दोन टिंबं आधीपासनंच होती की, विसर्गाची! कोलन अक्षराला चिकटवलं तर 'विषय' चा 'विषयः' होतो, म्हणून मराठीत मधे जागा सोडणं शहाणपणाचंच आहे. तीच सवय हाताला लागून इंग्रजीत येते, तिथं विसर्गच नाही त्यामुळं कोलन शब्दाला चिकटून आणि स्पेस त्याच्यानंतर. मोबाईलवर तर उलटापालट चाललेली असते, 'दु:ख' मधे बिनधास्त कोलन आणि 'वेळः' पुढं विसर्ग, दिसायला सारखं पण कॉम्प्युटरला दोन्ही वेगळी अक्षरं, सर्च केलं की सापडत नाही.

कोलननंतर कॅपिटल का स्मॉल, यावर अमेरिकन आणि ब्रिटिश अजून भांडतायत. पुढं पूर्ण वाक्य असेल तर बरेच अमेरिकन कॅपिटल करतात, ब्रिटिश शक्यतो नाही. बोर्डाच्या पेपरात दोन्हीतलं एकच काहीतरी धरून चाला.