फायबरग्लासचा लेप (लाकडी नौका-प्रतिकृतीवरील)

लाकडी नौका-प्रतिकृतीच्या बाहेरच्या अंगावर काचतंतूंचे पातळ कापड रेझिनने (कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) चिकटवून जलरोधक, गुळगुळीत कवच तयार करण्याची पद्धत. ती प्रामुख्याने पाण्यात चालणाऱ्या, रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींसाठी वापरतात. शोभेसाठी कपाटात ठेवायच्या प्रतिकृतीला तिची गरज नसते.

लाकूड ओलाव्याने फुगते, वाळले की आकसते. ही हालचाल लाकडातील तंतूंच्या आडव्या दिशेत जास्त आणि लांबीच्या दिशेत नगण्य असते. त्यामुळे पट्ट्या जोडून बांधलेल्या नावेत दोन पट्ट्यांमधला सांधा सतत ताणला जातो आणि रंग कितीही चांगला असला तरी नेमका त्या रेषेवर तडकतो. काचकापड सगळ्या सांध्यांवरून सलग जाते व हा ताण स्वतः पेलते. बाल्सासारख्या मऊ लाकडाला पोचे पडणेही त्याने कमी होते.

कापड ग्रॅम प्रति चौ. मी. या वजनाने ओळखतात. मीटरभर लांबीपर्यंतच्या नावेला २५ ते ५० ग्रॅमचे कापड पुरते, वेगवान बोटींना ८० ग्रॅम किंवा त्याहून जड लागते. मजबुतीच्या हव्यासाने जाड कापड घेऊ नये. ०.३ चौ. मी. पृष्ठभागावर ५० ग्रॅमचे कापड अवघे १५ ग्रॅम भरते. नाव जड होते ती जाड वीण बुजवायला लागणाऱ्या रेझिनने. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते आणि सहज घासले जाते, पण ते कडक होताना आकसते, लाकडाला कमी धरते आणि त्यातील स्टायरिनचा वास उग्र असतो. लाकडासाठी इपॉक्सी हे दोन घटक मिसळून कडक होणारे रेझिनच योग्य. तिच्यात हार्डनर (कडक करणारा दुसरा घटक) उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घालावा. जास्त घातल्याने ती लवकर वाळत नाही, उलट कायमची मऊ किंवा चिकट राहते. मिश्रण थोडे थोडे करावे, कारण भांड्यात साठलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होते.

गुळगुळीतपणाचा निकाल कापड लावण्याआधीच लागतो. पातळ कापड एकही खड्डा झाकत नाही. तिरप्या उजेडात नाव फिरवून उंचवटे शोधावेत, ते लांब ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासावेत आणि खोलगट जागी इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून केलेली पुट्टी भरावी. बोटांना जे कळते ते डोळ्यांना अनेकदा दिसत नाही. धारदार कडा किंचित गोल कराव्यात, नाहीतर कापड तिथे उचलले जाते आणि खाली हवा राहते.

नाव उलटी ठेवून कोरडे कापड हलक्या हाताने पसरतात. धागे नावेच्या लांबीशी ४५ अंशांत ठेवले तर कापड वळणांवर सहज बसते. नाळेपाशी (नावेच्या पुढच्या टोकाशी) मात्र काप देऊन कडा एकमेकींवर घ्याव्या लागतात. कण्याच्या, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या, रेघेवर रेझिन ओतून प्लॅस्टिकच्या लवचीक पट्टीने काठांकडे ओढत न्यावे. काच आणि इपॉक्सी यांचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा असल्याने भिजलेले कापड दिसेनासे होते. पांढुरका डाग म्हणजे कोरडी जागा किंवा हवा. चकचकीत थारोळे म्हणजे कापड रेझिनवर तरंगते आहे. जादा रेझिन पट्टीने किंवा टॉयलेट पेपरचा रोल फिरवून काढून टाकावे. या टप्प्यावर वीण स्पष्ट दिसणे हेच बरोबर. तापमान चढत असताना लेप देऊ नये, कारण लाकडातली हवा प्रसरण पावून बुडबुडे उठवते. तापमान उतरू लागल्यावर काम करावे.

रेझिन चामड्यासारखे झाले की लोंबणाऱ्या कडा ब्लेडने कापतात. त्यानंतर वीण बुजवणारे रेझिनचे दोन-तीन पातळ हात (थर) दिले जातात. आधीचा थर पूर्ण कडक झाला असेल तर त्यावर साचलेला मेणचट थर पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्यावा. शेवटी २४०, ४०० आणि ६०० क्रमांकांच्या पेपरने ओले घासकाम होते. धागे दिसू लागले तर तिथेच थांबावे. कापड कापले गेले की कवचाची सलगता जाते. रंगाची घाई करू नये. इपॉक्सी पुढे काही दिवस घट्ट होत राहते आणि लवकर चढवलेल्या चकचकीत रंगातून वीण पुन्हा उमटते. रंग किंवा अतिनील किरणे रोखणारे वॉर्निश मात्र आवश्यक आहे, कारण उन्हात इपॉक्सी पिवळी पडून भुरभुरीत होते. मॅहॉगनीसारखे देखणे लाकूड पारदर्शक वॉर्निशखाली तसेच दिसू देता येते.

रेझिन हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि घासताना धूळरोधक मास्क वापरावाच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. नावेची आतली बाजूही रेझिनच्या पातळ हातांनी बंद करावी लागते. ती उघडी राहिली तर डेकमधून किंवा नाव चालवणाऱ्या पंख्याच्या दांड्याच्या नळीतून आत आलेले पाणी लाकडात मुरते आणि बाहेरच्या कवचामुळे तिकडून सुकू शकत नाही.