नामिबियातील वन्यजीव व सांस्कृतिक पर्यटन

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिबिया या वाळवंटी देशात, तेथील वन्य प्राणी आणि पशुपालक व शिकारी समाजांचे जीवन पाहण्यासाठी केला जाणारा प्रवास. सुमारे ८,२४,००० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा असला, तरी त्याची लोकसंख्या जेमतेम ३० लाख आहे. या विरळ वस्तीचे मुख्य कारण पाण्याची टंचाई हे होय. कुनेने, ओकावांगो, झांबेझी व ऑरेंज या बारमाही नद्या देशाच्या सीमाभागातच आहेत. अंतर्भागातील नद्यांची पात्रे वर्षातील बहुतेक दिवस कोरडी असतात. प्राणी, गुरे आणि माणसे पाण्याच्या सोयीने वसलेली असल्यामुळे प्रवाशालाही आपला मार्ग त्याच बेताने आखावा लागतो.

उत्तरेकडील एतोशा राष्ट्रीय उद्यानात ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. १९०७ मध्ये जर्मन वसाहतकाळात राखीव झालेल्या या प्रदेशाचे आजचे क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौ. किमी. असून त्याच्या मध्यभागी सुमारे ४,८०० चौ. किमी. विस्ताराचे पांढरेफटक खारट मैदान आहे. जून ते ऑक्टोबर या कोरड्या हंगामात हत्ती, सिंह, जिराफ, झेब्रे, स्प्रिंगबॉक व गेम्सबॉक हरणे मोजक्या पाणवठ्यांवर एकवटतात. त्यामुळे येथे जंगलभर गाडी फिरवण्यापेक्षा एका जागी गाडी थांबवून बसणे अधिक फलदायी ठरते. ओकाउकेयो येथील मुक्कामाच्या ठिकाणी पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात आणि एरवी क्वचितच दिसणारे काळे गेंडे तेथे अंधार पडल्यावर पाणी प्यायला येतात. वैशाखी पौर्णिमेला ताडोबात किंवा मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद केलेल्यांना हा अनुभव परका वाटणार नाही.

पश्चिमेकडील नामिब वाळवंटाची तऱ्हा वेगळी आहे. अटलांटिक महासागरातील बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडत नाही, मात्र दाट धुके आत शिरते. तेथील एक भुंगेरा वाळूच्या कड्यावर डोके खाली करून उभा राहतो आणि पाठीवर साठलेले दव घरंगळत तोंडाशी आले, की ते पितो. आयुष्यभर दोनच पाने वाढवणारी वेल्विचिया ही वनस्पती येथे हजार वर्षांहून अधिक जगते. वायव्येकडील कोरड्या नदीपात्रांत हिंडणारे हत्ती ही निराळी जाती नव्हे. पात्रातील वाळू उकरून पाणी काढण्याची सवय त्यांनी अंगी बाणवली आहे आणि ते निघून गेल्यावर त्या खड्ड्यांवर इतर प्राणीही तहान भागवतात. सोसुसफ्ले येथील लाल वालुकागिरींची छायाचित्रे सर्वपरिचित असल्याने त्यांचे वर्णन येथे विस्ताराने देण्याची गरज नाही.

कुनेने भागातील हिंबा हे गुराखी लोक हेरेरो समाजाचे भाषाबंधू आहेत. हिंबा स्त्रिया लोणी व तांबडी गेरू यांचे मिश्रण अंगाला आणि केसांना माखतात व पाण्याऐवजी सुगंधी वनस्पतींच्या धुरीने स्नान करतात. मुख्य झोपडी आणि गुरांचा वाडा यांच्यामध्ये पूर्वजांचा पवित्र अग्नी असतो. परक्याने त्या दोहोंमधून ओलांडून जाणे निषिद्ध मानले जाते. हे ठाऊक नसलेले प्रवासी कॅमेरा सरसावून नेमके तेथूनच चालू लागतात.

हेरेरो स्त्रियांचा घोळदार झगा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय स्त्रियांच्या पोशाखावरून आला आहे, तर त्यावरील शिरोभूषणाला गाईच्या शिंगांचा आकार असतो. या पोशाखाकडे केवळ रंगीबेरंगी नमुना म्हणून पाहणे अपुरे आहे. ऑगस्ट १९०४ मध्ये वॉटरबर्ग येथील लढाईनंतर जर्मन सैन्याने हेरेरोंना निर्जल ओमाहेके प्रदेशात हाकलले, त्यांचे पाणवठे रोखून धरले, आणि हजारो माणसे तहानेने मेली. हेरेरो व नामा या दोन समाजांच्या या संहाराला जर्मनीने वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१ मध्ये. वॉटरबर्गचे पठार आज गेंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले अभयारण्य आहे. तेथे जाऊन केवळ गेंडे पाहून परतणे म्हणजे अर्धेच पाहणे होय.

पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीत खाजगी शेतांच्या गोऱ्या मालकांना आपल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांपासून उत्पन्न मिळवता येई. सामायिक जमिनीवरील कृष्णवर्णीयांना तो हक्क नव्हता. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर १९९६ च्या कायद्याने ही विषमता दूर केली आणि १९९८ पासून ग्रामसमूहांची संवर्धनक्षेत्रे नोंदवली जाऊ लागली. त्यांची संख्या आता ८० च्या वर आहे. पूर्वापार शिकारीवर जगणाऱ्या सान लोकांचे ‘न्याय न्याय’ (Nyae Nyae) नावाचे क्षेत्र हे त्यांपैकी आरंभीचे. निवासस्थानांचे भाडे, वाटाड्यांची मजुरी आणि परवान्याने होणारी शिकार यांतून या क्षेत्रांना पैसा मिळतो. शिकारीच्या उत्पन्नावर बाहेरून बरीच टीका होते. परंतु सिंहाने गाय मारली, तर नुकसान सोसावे लागते ते गुराख्यालाच, आणि प्राणी जिवंत राहण्यात त्याचा काही लाभ असावा, हे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे. त्यावरील ताण दुष्काळात उघड होतो: २०२४ मध्ये शासनाने ८३ हत्तींसह ७२३ वन्य प्राणी मारून त्यांचे मांस लोकांना वाटण्याचा निर्णय घेतला होता.