‘मुखाने कबूल करशील तर’: कबुलीचा अर्थ कसा बदलत गेला

‘वचन बोल, कबुली कर’ असे आज अनेक मंडळ्यांत सांगतात. त्याचा अर्थ बहुधा असा असतो: आजारपण किंवा पैशाची अडचण आली की पवित्र शास्त्रातले एखादे वचन मोठ्याने म्हणायचे आणि मागितलेले मिळालेच आहे असे समजून वागायचे. ही पद्धत जेमतेम दीडशे वर्षांची आहे. कबुली स्वतः मंडळीइतकी जुनी आहे, पण सुरुवातीला तिचे काम दुसरेच होते.

इसवी सन 57च्या सुमारास पौलाने रोमकरांस पत्र लिहिले. त्यातल्या 10:9 मध्ये मुखाने कबूल करणे आणि अंतःकरणात विश्वास धरणे या गोष्टी जोडीने येतात. कबूल करण्यासाठीचा ग्रीक शब्द आहे ‘होमोलोगेइन’, म्हणजे ‘तेच म्हणणे’. आधी देव बोललेला असतो, माणूस त्याला दुजोरा देतो. कबुलीचे वाक्य मूळ ग्रीकमध्ये दोनच शब्दांचे: ‘प्रभू येशू’. सम्राटालाही प्रभू म्हणत असल्याने ते महागात पडू शकत होते. 112च्या सुमारास बिथुनिया (आजच्या तुर्कस्तानातला रोमी प्रांत) इथला सुभेदार प्लिनी संशयितांना तीनदा विचारत असे, ‘तू ख्रिस्ती आहेस का?’ होकारावर ठाम राहणाऱ्याला मृत्युदंड. नकार देणाऱ्याला सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहून ख्रिस्ताला शाप द्यावा लागे. विश्वास कृतीत उतरवणे म्हणजे त्या चौकशीत काय बोललात एवढेच होते.

बाप्तिस्म्यातही प्रश्नोत्तरच होते. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्याविषयी तीन प्रश्न, प्रत्येकाला ‘विश्वास ठेवतो’ हे उत्तर आणि प्रत्येक उत्तरानंतर पाण्यात एकदा बुडवणे. चौथ्या शतकात उमेदवारांना विश्वासांगीकार (श्रद्धेचे ठरलेल्या शब्दांतले विधान) तोंडी देत आणि काही दिवसांनी तो पाठ म्हणून दाखवावा लागे. कागदावर उतरवू नका, असे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन बजावतो. रोममध्ये ही कबुली उंच जागी उभे राहून सर्वांसमक्ष देत. प्रसिद्ध वक्ता व्हिक्टोरिनस याला खाजगीत म्हणण्याची सवलत देऊ केली होती, ती त्याने नाकारली.

वळण येते एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत. न्यू यॉर्कच्या फीबी पामर (1807–1874) यांनी पवित्रतेचा मार्ग तीन पायऱ्यांत मांडला: सर्वस्व अर्पण करा, देवाने ते स्वीकारले असा विश्वास धरा आणि काही जाणवो न जाणवो, तसे लोकांसमोर सांगा. सांगितले नाही तर मिळालेले निसटते. पुढे विश्वासाने आरोग्य शोधणाऱ्या चळवळीने हेच शरीराला लावले. अंथरुणाला खिळलेल्या कॅरी जड 1879मध्ये बफेलोत उठून चालू लागल्या. लक्षणांकडे न पाहता विश्वासाप्रमाणे वागा, हे त्यांचे सांगणे होते. ई. डब्ल्यू. केन्यन (1867–1948) यांनी त्यावर ‘कबुली’ची पद्धतशीर शिकवण रचली. केन्यन बॉस्टनमधल्या वक्तृत्वाच्या ज्या शाळेत शिकले, तिथे मनाच्या सामर्थ्याच्या ‘नवविचार’ मताचे वारे होते. त्यांची शिकवण त्या मतातून आली की पामर-जड परंपरेतून, हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. पामर आणि जड यांच्याशी असलेले साम्य पाहता दुसरी बाजू अधिक पटते.

1934मध्ये दोन वेगळ्या कबुल्या घडल्या. मे महिन्यात जर्मनीत बार्मेन इथे जमलेल्या मंडळ्यांनी सहा कलमांत जाहीर केले की ख्रिस्त हाच ऐकावा आणि पाळावा असा देवाचा एकमेव शब्द आहे. रोख नाझी सत्तेच्या चर्चमधल्या शिरकावावर होता. ही जुन्या अर्थाची कबुली. ऑगस्टमध्ये टेक्ससात किशोरवयीन केनेथ हेगिन मार्क 11:23-24च्या (‘मिळाले आहे असा विश्वास धरा, म्हणजे मिळेल’) आधारे रोगशय्येवरून उठला. पुढे त्यांनी 1974मध्ये ओक्लाहोमात बायबल प्रशिक्षण केंद्र काढले आणि केन्यनची भाषा जगभर पोचली.

हेगिनची चार पायऱ्यांची रीत अशी: बोल, कर, घे, सांग. आधार मार्क 5मधल्या, येशूच्या वस्त्राला शिवून बरी झालेल्या, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचा. पण मत्तय 9:21 म्हणतो की ती ‘आपल्या मनात’ म्हणत होती; मोठ्याने उच्चारल्यानेच काम होते हा नियम तिथे टिकत नाही. मार्क 11:23चेही तसेच. शेवटच्या ‘तो जे काही म्हणेल ते होईल’मधले ‘तो जे काही म्हणेल’ हे शब्द उत्तरकालीन हस्तलिखितांत आहेत, सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत नाहीत. आणि 11:25मध्ये लगेच येणारी क्षमेची अट या शिकवणीत सहसा मागे पडते.

बिघडते ते इथेच. ‘बरे झालो’ हे भूतकाळी वाक्य 1 पेत्र 2:24मधून उचलले जाते, पण त्या ओळी पापांविषयी सुरू होतात. मग ‘ताप आहे’ म्हणणेही नकारात्मक कबुली ठरते, रुग्ण डॉक्टरला लक्षणे सांगत नाही, औषध थांबते आणि उतार पडला नाही की दोष त्याच्याच जिभेवर येतो. पौल मात्र आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून आल्याचे उघड लिहितो (2 तीमथ्य 4:20) आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. 1980मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) संघानेच या शिकवणीवर निवेदन काढले: एखादे वचन सुटे काढून सिद्धांत उभारू नका, साऱ्या शास्त्राचा विचार करा.

याकोब 2:15-16मध्ये बोलण्याची आणखी एक कसोटी आहे. उघड्या, उपाशी भावाला ‘ऊब घे, तृप्त हो’ असे म्हणून काहीच न देणारा माणूस तिथे उभा आहे. त्याचे शब्द सकारात्मकच आहेत.