पंधरा फुटांवरचा पुरावा

२५ जून २००९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट चालू होता. अमेरिकेतले व्यावसायिक बास्केटबॉल संघ या दिवशी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. मिनेसोटा टिंबरवुल्व्सकडे त्या वर्षी पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ दोन पाळ्या होत्या. दोन्हींवर त्यांनी पॉइंट गार्ड घेतले, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव मांडणारे खेळाडू. आधी स्पेनचा रिकी रुबिओ, मग सिरॅक्यूज विद्यापीठाचा जॉनी फ्लिन. सातव्या पाळीला गोल्डन स्टेट वॉरियर्सनी डेव्हिडसन या छोट्या कॉलेजातला एक सडपातळ मुलगा उचलला. त्याचं नाव स्टीफन करी.

एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक थ्री-पॉइंटर, म्हणजे ठरलेल्या रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे बास्केट, आज करीच्या नावावर आहेत. पण निकाल माहीत झाल्यावर मिनेसोटाला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. खरा प्रश्न असा, की दोन वेगळ्या कॉलेजांतली, वेगळ्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेली विशीतली मुलं एका तराजूत कशी तोलायची?

फ्लिनबद्दल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक रात्र होती. मार्च २००९ मध्ये सिरॅक्यूज आणि कनेटिकट यांचा सामना सहा वेळा जादा वेळेत गेला. एरवी ४० मिनिटांचा खेळ ७० मिनिटं चालला आणि त्यातली ६७ मिनिटं फ्लिन मैदानावर होता. त्या रात्रीमुळेच त्याची निवड झाली असं मी म्हणणार नाही. पण असे सामने मनावर कोरले जातात आणि त्यांचं वजन आपोआप वाढतं. एक सामना म्हणजे एकच नमुना, हे सांख्यिकीचं म्हणणं आपल्या स्मरणशक्तीला पटत नाही.

मग आकडे घ्यावेत, तर तेही सरळ बोलत नाहीत. २००७-०८ च्या हंगामात करीने ३६९ थ्री-पॉइंट प्रयत्नांपैकी १६२ साधले, म्हणजे ४३.९ टक्के. पुढच्या वर्षी ३३६ पैकी १३०, म्हणजे ३८.७. पाच टक्क्यांची घसरण! मुलगा बिघडला का? दोन गोष्टी बघायला हव्यात. त्या हंगामात कॉलेज बास्केटबॉलची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर नेली होती. शिवाय अशा साडेतीनशे प्रयत्नांत निव्वळ योगायोगाने टक्केवारी दोन-अडीचने इकडेतिकडे होणं नेहमीचं, आणि कधीकधी ती पाचनेही सरकते. नाणं ३५० वेळा उडवलं तर छापा बरोबर १७५ वेळा पडत नाही, तसंच हे. ज्याचे प्रयत्न जेमतेम साठ आहेत, त्याच्या ४४ टक्क्यांवर तर काहीच बांधता येत नाही. त्याची खरी क्षमता ३२ टक्केही असू शकते.

आता करीचा दुसरा आकडा बघा. कॉलेजच्या तीनही वर्षांत त्याची फ्री थ्रोची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची, टक्केवारी ८५ ते ९० च्या दरम्यान राहिली.

मला फ्री थ्रो फार आवडतो, कारण तो भर सामन्यात मांडलेला एक स्वच्छ प्रयोग आहे. रिंगमागच्या फळ्यापासूनचं अंतर १५ फूट, रिंगची उंची १० फूट, अंगावर येणारा कोणी नाही. खेळाडू रेषेवर येतो, चेंडू दोनतीनदा टप्पा पाडतो, श्वास सोडतो, गुडघे किंचित वाकवतो आणि मनगट सोडतो. प्रतिस्पर्धी बलाढ्य होता की दुबळा, याने यात फरक पडत नाही. कॉलेजातून एनबीएत गेल्यावर थ्री-पॉइंटची रेषा लांब जाते, खेळ ४८ मिनिटांचा होतो, चेंडू रिंगकडे टाकायला फक्त २४ सेकंद मिळतात. फ्री थ्रो मात्र जसाच्या तसा राहतो.

त्यामागे गणितही आहे. बऱ्या नेमबाजांची थ्री-पॉइंट टक्केवारी साधारण तिशी-चाळिशीत दाटीवाटीने बसते, त्यामुळे योगायोगाचा गोंगाट त्यांच्यातल्या खऱ्या फरकाएवढाच मोठा असतो. फ्री थ्रोमध्ये कोणी पन्नाशीत असतो, कोणी नव्वदीत. फरक मोठा, गोंगाट लहान. म्हणूनच एनबीएत गेल्यावर मुलगा लांबून कसा मारेल याचा अंदाज बांधताना विश्लेषक त्याचा कॉलेजमधला फ्री थ्रो आवर्जून बघतात. एखाद्याची थ्री-पॉइंट टक्केवारी चांगली आणि फ्री थ्रो साठच्या आसपास असेल, तर मी तरी आधी सावध होईन.

याउलट उंची मोजायला सर्वांत सोपी, आणि तीच भुरळ घालते. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या पाळीला मेम्फिसने ७ फूट ३ इंचांच्या हाशिम थाबीटला घेतलं. एनबीएत त्याची सरासरी सामन्यामागे जेमतेम दोन गुणांची राहिली. उंची निरुपयोगी आहे असं नाही. पण लक्षात घ्या, सहा फुटांचा मुलगा ड्राफ्टपर्यंत पोचतो तोच मुळी इतर बाबतीत असामान्य असतो म्हणून. सात फुटांच्या मुलाला तीच चाळणी लागलेली नसते.

एका खेळाडूवरून नियम सिद्ध होत नाही, हेही मान्य. फ्लिनच्या खुब्याच्या सांध्यावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. कुठल्याच तक्त्यात ते आधी दिसलं नसतं. करीचे घोटेही सतत दुखावत होते. २०११-१२ मध्ये तो फक्त २६ सामने खेळला, आणि तेव्हा कोणी हिशोब मांडला असता तर सातवी पाळी वाया गेली असंच म्हटलं असतं. त्याच्या आदल्या हंगामात, म्हणजे विक्रमांच्या बऱ्याच आधी, ९३.४ टक्के फ्री थ्रो साधून तो संपूर्ण एनबीएत पहिला आला होता.