कॉफीत धुतलेला रोल

परतवाडा असो की पांढरकवडा, तालुक्याच्या स्टुडिओत रोल धुवायला टाकायचे दिवस गेले. जुन्या कॅमेऱ्यात कुणी हौसेनं ब्लॅक अँड व्हाइट रोल भरलाच, तर तो धुणार कोण? घरीच धुता येतो. त्यासाठी लागते इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९५ साली कॉफीत फिल्म धुऊन दाखवली. या द्रावणाला कॅफेनॉल म्हणतात, पण कॅफीनचा त्यात काही हात नाही.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. उजेड पडलेल्या कणावर चांदीचे मोजके अणू तयार होतात, ते डोळ्याला दिसत नाहीत. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं द्रावण, अशा कणांना इलेक्ट्रॉन पुरवतो आणि अख्ख्या कणाची काळी चांदी करून टाकतो. उजेड न लागलेल्या कणांच्या वाटेला तो सहसा जात नाही. कॉफीत हे काम क्लोरोजेनिक आणि कॅफेइक ही आम्लं करतात. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं तेही याच क्लोरोजेनिक आम्लापायी. फरक इतकाच, की वांग्यातले इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला जातात आणि फिल्म धुण्याच्या टाकीतले चांदीला.

हे आम्ल रोबस्टा कॉफीत अरेबिकापेक्षा जास्त असतं, म्हणून स्वस्त, कडवट कॉफी इथे सरस ठरते. चिखलदऱ्याची कॉफी पिण्यासाठीच ठेवावी. मात्र डब्यावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळांच्या पुडीचं, प्रमाण वाचून घ्या. निम्मी चिकोरी असली तर माप चुकलंच.

नुसत्या कॉफीनं काही होत नाही. आम्लाकडून इलेक्ट्रॉन सुटायला पाणी चांगलंच अल्कधर्मी लागतं, आणि खायच्या सोड्याचं बळ त्याला पुरत नाही. धुण्याचा सोडा मिळाला नाही तर खायचा सोडा कोरड्या लोखंडी कढईत चांगला तापवावा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघताना भुकटी उकळल्यासारखी हलते. ती शांत झाली की धुण्याचा सोडा तयार. १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात.

व्हिटॅमिन सी घातलं की काम झपाट्यानं होतं आणि फिल्मवर तपकिरी डागही कमी पडतो. आपल्याकडे साहजिकच संत्र्याचा रस आठवतो, पण १६ ग्रॅम व्हिटॅमिन सीसाठी तीसेक किलो संत्री लागतील, वर त्यातलं सायट्रिक आम्ल सोड्यालाच मारेल. शुद्ध भुकटीच आणावी.

रूढ प्रमाण असं: एक लिटर पाण्यात ५४ ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम कॉफी, २० अंशांवर १५ मिनिटं. सोडा आधी पूर्ण विरघळू द्या. या मिश्रणाला जो वास येतो, त्यानं घरचे तुम्हाला अंगणात काढतील.

खरी अडचण पाण्याची. बोअरच्या जड पाण्यात सोडा पडला की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि फिल्मवर ठिपके उमटतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी किंवा गाळून ठेवलेलं पावसाचं पाणी उत्तम. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी घेऊच नका: गरम सोड्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि नखानंही खरवडलं जातं. माठाचं पाणी घ्या, पण तेही २० अंशांपर्यंत उतरत नाही, म्हणून वेळ कमी करावा लागतो. किती, ते रोलचा तुकडा कापून आधी बघावं. हे काम हिवाळ्यातच सोपं.

रोल टाकीत भरताना मात्र मिट्ट काळोख हवा. लाल दिवा चालतो तो फोटोच्या कागदाला. नेहमीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. रात्री बिनखिडकीच्या खोलीत, दाराच्या फटीला गोधडी लावून रोल भरावा. लोडशेडिंग असेल तर फारच बरं.

शेवटी उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड काढून टाकायचं, नाहीतर उजेडात सगळी फिल्म काळवंडेल. त्यासाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्यात चांदीचे क्षार विरघळतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं. मिठाचं दाट पाणीही चालतं, पण फिल्म त्यात दिवसभर बुडवून ठेवावी लागते. मला तो खटाटोप पटत नाही. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, त्यामुळे तो विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. त्यात भांडी घासायचा लोखंडी काथ्या टाकून ठेवला की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते.