यार्डात पडून असलेली जुनी शिडाची बोट: ओळख, मालकी आणि नोंदणीचा अर्ज

गंगापूर धरणाच्या आसपास एखाद्या शेडमागे फायबरची डिंगी, म्हणजे छोटी उघडी बोट, वर्षानुवर्षे पालथी पडलेली असते. कागद नाहीत, नाव उडालेले. ती पुन्हा पाण्यात उतरवायची तर दोन प्रश्न सोडवावे लागतात: बोट कोणती आणि कोणाची. पहिल्याचे उत्तर बोटीवरच सापडते, दुसऱ्याचे नाही. ही गल्लत झाली की अर्ज अडकतो.

ओळख पटेपर्यंत पॉलिश पेपर आणि रंग दूर ठेवा. नाशिकच्या उन्हात जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, भुरभुरीत होतो आणि उथळ कोरलेले आकडे एका घासणीत जातात. साबणाच्या पाण्याने धुवा, अंधार पडल्यावर बाजूने तिरपा टॉर्च मारा, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा.

आधी ट्रान्सम, म्हणजे मागची उभी फळी पाहा. अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 नंतर बनलेल्या बोटींना अक्षरे-आकडे मिळून बारा चिन्हांचा हल नंबर (हल म्हणजे बोटीचे मुख्य अंग) असतो, ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. पहिली तीन अक्षरे कारखान्याची. ऑगस्ट 1984 पासूनच्या पद्धतीत शेवटची चार चिन्हे तारीख सांगतात: ‘सी585’ म्हणजे मार्च 1985 ची बांधणी, मॉडेल 1985 चे. त्याआधीच्या नंबरांना हा हिशेब लावू नका, मांडणी वेगळी होती. युरोपात जून 1998 पासून सीई खूण, म्हणजे तिथल्या सुरक्षा नियमांत बसत असल्याची खूण, सक्तीची झाली. तिथल्या नंबरात सुरुवातीला देशाची अक्षरे असतात.

नंबर नसेल तर गोल किंवा चौकोनी क्लास पट्टी शोधा; क्लास म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटींचा प्रकार. तिच्यावरचे जागतिक शिडबोट संस्थेचे नावच काळ सांगते, कारण ते बदलत गेले: आयवायआरयू असेल तर 1996 पूर्वीची, आयएसएएफ असेल तर 1996 ते 2015 मधली, वर्ल्ड सेलिंग असेल तर त्यानंतरची. शिडावरच्या आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका. क्लबांत शिडे एका बोटीवरून दुसरीवर सर्रास जातात.

मग मोजमाप. सुकाणू काढा, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या, टोकावरून आणि ट्रान्समवरून ओळंबे सोडा, सपाट जमिनीवरच्या दोन खुणांमधले अंतर घ्या. टेप हलच्या वळणावरून लावला की लांबी हमखास जास्त येते. नेहमीच्या क्लासपैकी ऑप्टिमिस्ट सुमारे 2.3 मीटर, एंटरप्राइझ सुमारे 4.04. लेझर आणि 420 मात्र लांबीत जवळजवळ सारख्या, दोन्ही 4.2 च्या आसपास. तिथे रुंदी निकाल लावते. लेझर 1.4 मीटरच्या आत राहते, 420 ची रुंदी 1.6 च्या पुढे जाते. वजनावरून ओळख ठरवू नका, ते फक्त प्रकृती सांगते: लेझरची रिकामी हल सुमारे 59 किलोची, ती 70 भरली तर आत पाणी मुरले आहे.

आता मालकी. अर्ज मालकाने करायचा; संस्थेची बोट असेल तर ठरावाने अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्याने. भाडे थकले म्हणून यार्डवाला मालक होत नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 170 प्रमाणे बोटीवर मेहनत किंवा कौशल्याचे काम करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. नुसत्या जागेच्या भाड्यासाठी हा हक्क नाही. करारात तसे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी.

मालकाचा पत्ताच लागत नसेल तर यार्ड ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे लेखी कळवा आणि पोच घ्या. मोजमाप, फोटो आणि नंबरचा पेन्सिल ठसा सोबत जोडा. मालक शोधण्याचा प्रयत्न न करता बोट गुपचूप आपली करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो. पोलिसांनी बोट ताब्यात घेतली आणि मालक अज्ञात असेल, तर दंडाधिकारी जाहीरनामा काढतात. दावा करायला सहा महिने मिळतात.

मालकी मिळाली की पुढचे तुलनेने सोपे. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 मध्ये इंजिन नसलेल्या बोटींची नोंद स्थानिक पातळीवर ठेवली आहे. इंजिन लावले की सर्वेक्षण आणि नोंदणी आली, आणि ते काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. अर्जासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, खरेदीचे बिल किंवा विक्रीपत्र आणि मोजमापाचा तक्ता ठेवा. परदेशातून आणलेली असेल तर कस्टमचे कागदही. शिवाय चारही बाजूंचे फोटो. क्लासची खात्री नसेल तर अंदाजाने नाव लिहू नका. ‘फायबरची एका डोलकाठीची डिंगी’ आणि मापे एवढे पुरते. चुकीचे नाव नंतरच्या प्रत्येक कागदावर येत राहते.

नोंद झाली म्हणजे जलाशयात उतरायची परवानगी मिळाली असे नाही. ती जलसंपदा विभागाकडे वेगळी मागावी लागते. गंगापूरचे पाणी शहराला पिण्यासाठी जाते, त्यामुळे तेलाचा आणि इंजिनाचा प्रश्न तिथे पहिला निघतो. अर्ज बिनइंजिनाचा आणि फोटोत ट्रान्समवर मोटरचा ब्रॅकेट, असे होऊ देऊ नका. मोटर लावायची नसेल तर ब्रॅकेट काढा, बोल्टची भोके बुजवा, मगच फोटो घ्या.